पाच-पाचवर अडकलेला सेट

मीरा रोडला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोण ॲडमिट आहे?" आमच्या मिरजेत दवाखाने इतके की प्रवासाचं दुसरं कारण लोकांना पटकन सुचत नाही. "कुणी नाही, सहज चार दिवस," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की ॲडमिट व्हायची गरज बहुतेक मलाच होती.

माझं मिरजेत खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तंबोऱ्याला आणि सतारीला तारा लावणारे कारागीर आमच्या गावात पुष्कळ, टेनिसच्या रॅकेटला गटिंग करणारा, म्हणजे तिच्या तारा विणणारा, मी एकटा. आणि ज्याच्या रॅकेटला मी सगळ्यांत जास्त वेळा गटिंग केलं, तो म्हणजे माझा मावसभाऊ प्रसाद. बेचाळीस वर्षांचा, लग्न न झालेला, सांगलीत एका क्लबवर मुलांना शिकवणारा. एके काळी अकरा वर्षं तो व्यावसायिक टेनिस खेळला. त्याचा बॅकहँड बघायला इतर कोर्टांवरचे खेळाडू आपली मॅच थांबवायचे. हा पोरगा फार पुढं जाणार, असं सगळे म्हणत होते. तो पुढं जायचा तो पहिला सेट जिंकण्यापर्यंत.

कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. प्रसादला समोरच्या माणसाचं वाईट वाटायचं. पहिला सेट जिंकला की तो नेटपलीकडे बघायचा, तिथला खेळाडू घाम पुसत असायचा, आणि ह्याच्या मनात यायचं, बिचारा किती लांबून आलाय. झालं. दुसरी सवय आणखी वाईट. समोरच्यानं चांगला फटका मारला की हा "वा!" म्हणायचा. कौतुक करण्यात गैर काही नाही, पण चेंडू अजून खेळात असताना म्हणायचा.

डिसेंबरात त्याला मीरा रोडहून फोन आला. "सर, मी सोनकांबळे. ओळखलंत का? खुर्चीवर मी होतो."

प्रसादनं ओळखलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका छोट्या व्यावसायिक स्पर्धेत त्याची मॅच होती, भाईंदरकडच्या डोंगरी गावातल्या हेमंत नावाच्या खेळाडूशी. हेमंतची सर्व्हिस म्हणजे दगडफेक. त्याच्याबद्दलही हा फार पुढं जाणार असंच सगळे म्हणत होते. एकेक सेट झाला, तिसऱ्यात पाच-पाच अशी बरोबरी झाली, आणि तिथंच ती मॅच संपली. हेमंतच्या पायात गोळा आला होता. ते बघवेना म्हणून प्रसाद अंपायरच्या खुर्चीकडे गेला आणि म्हणाला, "मी सोडतो." त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं हेमंत आला आणि म्हणाला, "मी सोडतो." खुर्चीवर बसलेले तरुण सोनकांबळे दोघांकडे बघत राहिले. त्यांनी कागदावर हेमंतला हरलेला लिहिलं. प्रसाद दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीत खेळला आणि रीतसर हरला.

आता सोनकांबळे मीरा रोडच्या एका मोठ्या संकुलात राहतात, तिथल्या सोसायटीचे क्रीडा सचिव आहेत, आणि सोसायटीनं नवं टेनिस कोर्ट बांधलंय. उद्घाटनाला त्यांना तो सेट पूर्ण करून हवा होता.

"येतो," असं प्रसाद म्हणाला. नाही म्हणणं त्याला जमत नाहीच. मी रॅकेटला नवं गटिंग केलं आणि बरोबर निघालो.

शुक्रवार, मीरा रोड

सकाळी बसमधून काशीमिऱ्याला उतरलो. मिरजेत मान वर केली की आभाळ दिसतं, इथं मान वर केली की आधी बाविसावा मजला दिसतो. शेअर रिक्षात मी चालकाशी हिंदीत बोललो. तोही हिंदीत बोलला. "आगे से डावीकडे लो," असं मी म्हणाल्यावर तो मागं वळून म्हणाला, "कुठले पाव्हणं तुम्ही?" तो कवठेमहांकाळचा निघाला. दहा मिनिटं आम्ही एकमेकांना उगाच छळत होतो.

सोनकांबळेंनी फोनवर पत्ता दिला होता, बी विंग, अकरावा मजला. प्रसादनं डी विंग ऐकलं. दार एका बाईंनी उघडलं, कानाला फोन लावलेला. आमच्या खांद्यावरच्या लांबट पिशव्या बघून त्यांनी हातानंच आत बोलावलं, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरकडे बोट दाखवलं आणि पुन्हा फोनवर बोलायला लागल्या. आम्ही दुरुस्तीवाले नाही, एवढं सांगणं किती सोपं होतं. पण प्रसाद फिल्टरसमोर वाकून उभा राहिला.

मी हळूच म्हणालो, "अरे, काय करतोस?"

"दादा, किती दिवस वाट बघत असतील त्या."

त्यानं झाकण काढलं. आतून आधी एक चक्री आली आणि मग पाणी आलं. बाईंचा फोन संपला तेव्हा प्रसाद ओट्याखालची गळती रुमालानं दाबून धरून बसला होता आणि मी खऱ्या मेकॅनिकच्या शोधात वॉचमनशी बोलत होतो. आपली खरी ओळख सांगताना प्रसाद म्हणाला, "मी टेनिस खेळायचो." बाई म्हणाल्या, "वही तो दिख रहा है." तरी त्यांनी चहा पाजला. त्यांचं नाव भावनाबेन. वय साठीपुढचं, गुजराती, आणि संकुलातल्या पिकलबॉल, म्हणजे छोट्या कोर्टावरच्या टेनिसच्या, गटाच्या प्रमुख. रविवारी कोर्ट संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या गटाला हवं असतं, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं.

खऱ्या अकराव्या मजल्यावर सोनकांबळे दारातच उभे होते. मूळचे नांदेडकडचे, विमा कार्यालयात नोकरी, आवाज मऊ. त्यांच्या घरी दुपारी येसराची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. आमच्याकडे येसर करत नाहीत. भाजलेल्या डाळी-धान्यांचं आणि मसाल्याचं ते पीठ आमटीत शिजलं की जो वास सुटतो, त्यानं मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी तिखट खाणारा कोल्हापूर-सांगली भागातला माणूस, पण त्यांच्या ठेच्यानं माझे कान गरम झाले.

जेवण झाल्यावर सोनकांबळे म्हणाले, "प्रसाद सर, त्या मॅचनंतर मी परत खुर्चीवर बसलो नाही."

"का हो?"

"दोघांनाही जिंकायचं नसेल तर अंपायर कशाला लागतो? मी किती परीक्षा देऊन तिथं पोचलो होतो. आणि माझ्या पहिल्याच मोठ्या मॅचला दोन खेळाडू येऊन म्हणतात, मला हरलेला लिहा. आधी कोण बोललं ते मला खरंच कळलं नाही. हेमंत डाव्या कानाकडे होता, तो आवाज आधी आल्यासारखा वाटला, म्हणून त्याला हरलेला लिहिलं. त्याच्या पुढच्या फेरीचं काय झालं असतं, देव जाणे. झोप लागत नव्हती कित्येक महिने."

प्रसादची मान खाली गेली. आपण सोडलं की समोरच्याचं भलं होतं, एवढंच त्याला आजवर वाटत होतं. खुर्चीवरही कुणी बसलेलं असतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी कोर्ट बघितलं. पार्किंगच्या छतावर, सात इमारतींच्या मधोमध. एकाच फरशीवर टेनिस, पिकलबॉल, बॅडमिंटन आणि बॉक्स क्रिकेट अशा चार खेळांच्या रेषा. प्रत्येक खेळाचा रंग वेगळा ठरला होता, पण रंगाऱ्याकडे फक्त पांढरा शिल्लक होता. वरून बघितलं तर लहान मुलानं भूमितीची वही खराब केल्यासारखं दिसत असणार.

शनिवार, डोंगरी

हेमंतला आमंत्रण द्यायला आम्ही तिघं भाईंदरहून उत्तनच्या बाजूची बस धरून डोंगरीला गेलो. अर्ध्या तासात बाविसावे मजले संपले. ताडाची झाडं, कौलारू घरं, आणि बांबूंच्या लांबलचक मांडवांवर तोंडात तोंड अडकवून सुकत घातलेले बोंबील. आमच्याकडे बेदाण्याचे शेड असतात, तसेच हे मांडव. वास मात्र बेदाण्याचा नाही. पहिल्या पाच मिनिटांत मी नाकाला रुमाल लावला, आणि दुपारी जेवताना तोच वास मला ताटात हवाहवासा वाटला. माणसाच्या नाकाचं काही खरं नाही.

हेमंत अंगणात बर्फाची लादी फोडत होता. मासेमारीच्या नावांना बर्फ पुरवायचा त्याचा धंदा आहे. तो मोठ्या हातोड्यानं घाव घालत होता, आणि हातोडा वर नेण्याची ती पद्धत बघून प्रसाद माझ्या कानात म्हणाला, "सर्व्हिस तशीच आहे."

"आलाव?" हेमंत म्हणाला. "या, बसा. सुनंदा, पानी आन गं. ह्यो परसाद."

त्याची बायको सुनंदा बाहेर आली, प्रसादकडे नीट बघून म्हणाली, "ज्याला हरवता येत न्हाय तो ह्योच का?"

हेमंत का पुढं गेला नाही, ते तिनंच सांगितलं. स्पर्धेला बाहेर गेला की तीन दिवस ठीक असायचा. चौथ्या दिवशी त्याला घरचं बोंबलाचं कालवण आठवायचं, आणि पाचव्या दिवशी तो कसाही करून गाडीत बसायचा. परदेशात एकदा त्याला मोठी संधी मिळाली होती. तिथं त्याला उकडलेले बटाटे मिळाले. तो आठवड्यात परत आला.

"त्या दिवशी मीच आधी सोडली," हेमंत म्हणाला. "माझी साडेसहाची गाडी व्हती."

"छे! मी आधी सोडली," प्रसाद म्हणाला. "तुझ्या पायात गोळा आला होता."

"गोळा न्हाय, लंगडायचं नाटक व्हतं. सोडायला कारण नको का? मी आधी बोललो."

"मी आधी बोललो!"

दोघं उभे राहिले. सोनकांबळे मध्ये गेले. सुनंदानं पाण्याचा तांब्या जोरात खाली ठेवला आणि म्हणाली, "अवं, जिंकण्यावरून भांडतात मानसं. तुमी हरण्यावरून काय भांडताव?"

मग आम्ही जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं लालभडक कालवण, तळलेली मांदेली. प्रसादनं पहिला घास खाल्ला आणि हेमंतला म्हणाला, "मीही गाडी पकडली असती रे."

उद्याच्या मॅचला हेमंतनं एका अटीवर होकार दिला. डबा सुनंदा कोर्टावर घेऊन येणार.

रविवार, कोर्टावर

मॅच साडेचारची होती. सोसायटीच्या अध्यक्षांचं भाषण, मग माजी अध्यक्षांचं भाषण, मग फीत, मग कात्री सापडेना. सव्वापाच वाजले. भावनाबेन आपल्या गटासह कडेला बसून घड्याळ बघत होत्या. चेंडू आणून द्यायला सकाळच्या हास्यक्लबातल्या चार आज्या होत्या. त्या दर वेळी चेंडू द्यायच्या आधी तो पदराला पुसायच्या. खुर्ची उंच हवी म्हणून सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनची शिडी आणली होती, तिच्या वरच्या पायरीवर उशी बांधून सोनकांबळे बसले. त्यांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. टेनिसमध्ये शिट्टी नसते, पण अध्यक्षांनी आग्रहानं दिली होती.

"तिसरा सेट. पाच-पाच. प्रसाद सर्व्हिस करतील," सोनकांबळे म्हणाले, आणि त्यांचा आवाज थरथरला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा पोरखेळ नाही.

पहिला गेम सात वेळा ड्यूस झाला. प्रसादचा बॅकहँड निघाला की गॅलऱ्यांमधून आवाज यायचा. त्यानं दोनदा "वा!" म्हटलं आणि दोन्ही गुण घालवले. एक चेंडू तिसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसला. तरी गेम प्रसादनं घेतला. लगेच हेमंतनं बर्फ फोडावा तशा चार सर्व्हिस मारल्या. सहा-सहा. आता टायब्रेक, सात गुणांचा, पण दोनच्या फरकानं जिंकायचा.

मधल्या विश्रांतीत सुनंदानं डबा उघडला. बोंबलाचा वास सुटला तशी भावनाबेनची अख्खी रांग खुर्च्यांसकट दहा फूट सरकली. हेमंतनं दोन घास खाल्ले, तोंड पुसलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला वाटलं, ही बाई डब्यासह दौऱ्यावर गेली असती तर आज हा माणूस पेपरात असता.

प्रसाद त्याच्याकडे बघत होता. मग मान वळवून शिडीवरच्या सोनकांबळेंकडे बघितलं. ते कपाळ पुसत कागदावरचे गुण पुन्हा पुन्हा तपासत होते. प्रसाद माझ्याजवळ पाणी प्यायला आला.

"दादा, आज वा म्हणणार नाही."

"बघू."

आणि खरंच, तो एकदाही बोलला नाही. ओठ मिटून खेळला. चार-चार, पाच-पाच, सहा-पाच. प्रसादचा मॅचपॉइंट.

सर्व्हिस आत गेली, हेमंतनं परतवली, चेंडू दहा वेळा इकडून तिकडं गेला. अकराव्या वेळी चेंडू कसाबसा परतवून हेमंत धावता धावता घसरला. कुणाच्या तरी कुंडीचं पाणी वरून ठिबकत होतं, त्यावर पाय पडला आणि तो बसकण मारून खाली. अख्खी उजवी बाजू मोकळी. प्रसादच्या रॅकेटवर चेंडू येत होता.

मी डोळे मिटणार होतो. अकरा वर्षं मी हे बघितलं होतं. आता हा रॅकेट टाकणार, नेटवरून पलीकडे जाणार आणि लागलं का म्हणून विचारणार. त्यानं हेमंतकडे एकदा बघितलं. आणि मारला. असा मारला की मी केलेलं गटिंग वाजलेलं मला ऐकू आलं. चेंडू पांढऱ्या रेषेवर पडला.

"आऊट," सोनकांबळे म्हणाले.

"काय?"

"सर, ती बॉक्स क्रिकेटची रेष आहे. आपली रेष वीतभर आत आहे."

प्रसाद शिडीकडे चालत गेला. ह्या माणसानं आयुष्यात अंपायरशी वाद घातला नव्हता. स्वतःचे चेंडू स्वतःच आऊट द्यायचा. तो शिडीखाली उभा राहिला आणि ओरडला, "सोनकांबळे, डोळे तपासा! आत होता तो! ढळढळीत आत!"

"आऊट आहे सर."

"आत होता!"

चौथ्या मजल्यावरून एक गृहस्थ ओरडले, "अंदर था!" पाचव्यावरून कुणी म्हणालं, "बाहर था, अंकल!" चार आज्या रेषेपाशी जमून वाकून बघू लागल्या. हेमंत अजून जमिनीवरच बसून होता. तो हसत म्हणाला, "परसाद, मला आत वाटतोय. घे तू."

"तू गप्प बस!" प्रसाद त्याच्यावर खेकसला. "मला दिलेला नकोय!"

सोनकांबळेंनी शिट्टी फुंकली. सगळं कोर्ट शांत झालं. ते शिडीवर ताठ बसले होते आणि आता त्यांचा आवाज थरथरत नव्हता. "माझा निर्णय आहे. आऊट. सहा-सहा."

"भाई, छ वागी गया!" भावनाबेन घड्याळातल्या सहावर बोट ठेवून म्हणाल्या. मग त्यांनी प्रसादचा चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "चलो, पांच मिनट लो."

रागाच्या भरात प्रसादनं डबल फॉल्ट केला. मग हेमंतची सर्व्हिस. चेंडू मला दिसलाच नाही, मागच्या जाळीवर आपटल्याचा आवाज आला फक्त. सात गुण आठावर गेले आणि सेट संपला. हेमंत जिंकला.

प्रसादनं रॅकेट जमिनीवर आपटली. मी दोन दिवस खपून गटिंग केलेली रॅकेट. मग त्यानं हेमंतशी हात मिळवला, पण बघितलं दुसरीकडेच. सोनकांबळे शिडीवरून उतरले, पेन्सिलीनं कागदावर 'हेमंत विजयी' असे दोन शब्द लिहिले आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. त्यांच्या मिसेस त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेल्या.

आमच्या मागं पिकलबॉल सुरू झालं होतं.

सोमवार, घोडबंदर

परतीची बस दुपारी होती, म्हणून सकाळी सोनकांबळेंनी आम्हाला घोडबंदरचा किल्ला बघायला पाठवलं. खाडीकाठी, गावाला लागून. आमच्याकडचे किल्ले चढताना गुडघे दुखतात, हा बोलता बोलता चढून होतो. फक्त आम्ही बोलत नव्हतो. काल रात्रीपासून प्रसादनं तोंड उघडलं नव्हतं. भाकरीही अर्धीच खाल्ली होती.

वर वाऱ्याला बसलो. खाडीचं पाणी चमकत होतं, लांबवर हायवेवरचे ट्रक ओळीनं चालले होते. मी किल्ल्याबद्दल काहीबाही बोलत राहिलो. मला मध्येच तोडून तो म्हणाला, "दादा, मला जिंकायचं होतं रे."

बेचाळीस वर्षांचा माणूस. डोळे भरलेले. मी पिशवीतलं संत्रं सोलून त्याच्या हातात दिलं.

"आधी कधी असं झालं नाही," तो म्हणाला. "हरलो की मला बरंच वाटायचं. सुटल्यासारखं. काल रात्रभर तोच चेंडू डोळ्यांपुढं येत होता. हे असं होतं होय लोकांना?"

"होतं."

"मग लोक खेळतात कशाला?"

आम्ही संत्रं संपवलं. फोडी संपल्यावर तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "हेमंत पुढच्या रविवारी मोकळा असेल का?"

मिरजेच्या बसमध्ये मी एकटाच बसलो. प्रसाद सोनकांबळेंकडे राहिला तो राहिलाच. सांगलीच्या क्लबला त्यानं महिनाभराची रजा कळवली. रोज सकाळी सहाला तो कोर्टावर असतो. हेमंत बर्फाची पहिली खेप टाकून येतो आणि सोनकांबळे कामावर जायच्या आधी तासभर शिडीवर चढतात.

मी घरी पोचून आठवडा झाला. काल दुपारी मावशी, म्हणजे प्रसादची आई, दुकानात आली होती, तेवढ्यात प्रसादचा मेसेज आला. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवला: "आज पुन्हा हरलो. भयंकर राग आलाय. जेवण जात नाहीये."

मावशीनं 'राग आलाय' हे शब्द मला पुन्हा वाचायला लावले. मग ती उठली आणि घरी देवापुढं साखर ठेवायला गेली.